पेण-रोहा परिसरातील पाळीव प्राणी : स्वभाव, ऋतुचर्या आणि मायेपासून संरक्षण

१. व्याख्या आणि व्याप्ती

पेण व रोहा तालुक्यांत पाळीव प्राणी म्हणजे घरातील असा सदस्य, ज्याचे नाव रेशनकार्डावर नसते, पण मासळीच्या वाट्यात ज्याचा हिस्सा आधीच धरलेला असतो. गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी या व्याख्येत बसत नाहीत, कारण त्यांच्यापासून घराला काहीतरी मिळते. उरतात कुत्रा आणि मांजर. काचेच्या पेटीतील माशाला स्वभाव असतो की नाही, याविषयी घरोघरी मतभेद असल्याने तो येथे वगळला आहे. पिंजऱ्यातील पोपटाचा विचार कायद्याच्या प्रकरणात केला आहे.

कुत्र्याचे तीन प्रकार आढळतात. पहिला गावठी. याचे नाव टायगर असते, तो ओटीवर झोपतो आणि मीटर रीडिंगला आलेल्या माणसावर भुंकून वीजबिलाविषयीची घराची भावना व्यक्त करतो. दुसरा लॅब्रेडॉर. हा ‘गावाला मोकळी जागा आहे’ या कारणास्तव मुंबईच्या नातेवाइकांकडून आलेला असतो. तिसरा सायबेरियन हस्की. बर्फात गाडी ओढण्यासाठी घडलेला हा जीव मे महिन्यात वडखळच्या दमट हवेत फरशीवर पोट टेकून पडलेला असतो आणि पाहुण्यांना ‘शांत आहे हो फार’ असे सांगितले जाते. मांजराचा प्रकार एकच. ते पाळलेले नसते, आलेले असते.

२. रोगांचे वर्गीकरण

पाळीव प्राण्यांचे रोग तीन गटांत मोडतात : जंतुजन्य, ऋतुजन्य आणि मायाजन्य. पहिल्या गटावर लशी आहेत. दुसरा ऋतू बदलला की ओसरतो. तिसऱ्यावर लस नाही आणि तो बारमाही आहे. त्याचा प्रसार डास किंवा गोचीड करत नाही. घरातील ज्येष्ठ व्यक्ती करते. ‘सकाळपासून पोटात काही नाही बिचाऱ्याच्या’ हे त्याचे पहिले लक्षण. हे वाक्य त्या सकाळी चार माणसांनी चार वेळा, एकमेकांच्या अपरोक्ष उच्चारलेले असते आणि प्रत्येक वेळी अर्धी भाकरी खर्ची पडलेली असते.

३. स्वभाव व संकेत

शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश आहे, हा समज फार जुना असून त्याच्या खुणा अनेकांच्या पोटऱ्यांवर आहेत. कमरेसकट सैल हलणारे शेपूट आनंदाचे असते. ताठ, वर उचललेले आणि नुसतेच थरथरणारे शेपूट हा इशारा असतो. कुत्र्याने झोप आलेली नसताना जांभई देणे, ओठ चाटणे, नजर चुकवणे ही अस्वस्थतेची चिन्हे होत. घरात मात्र त्यांचा अर्थ ‘लाजतोय बघा’ असा लावला जातो आणि पाहुण्यांच्या मुलाला फोटोसाठी आणखी जवळ बसवले जाते. त्यानंतर ‘आजवर कधी चावला नाही’ हे विधान होते. विधान खरे असते, कारण आजवर त्याच्या गळ्यात पडून कोणी तीनदा फोटो काढलेला नसतो.

मांजर शेपूट ताठ उभे करून समोर आले, तर तो नमस्कार समजावा. डोळे सावकाश मिटून उघडले, तर विश्वास. घरघर मात्र समाधानाचीच असेल असे नाही. दुखत असतानाही मांजर घरघरते. ते दिवसाचे १२ ते १६ तास झोपते, त्यामुळे आजारपण आणि नेहमीची दिनचर्या यांतील फरक ओळखायला अनुभव लागतो. आजारी मांजर तक्रार करत नाही, माळ्यावर जाऊन बसते. त्याने सलग एक दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तर दवाखाना गाठावा. बोका वारंवार लघवीला बसतो आहे आणि होत काही नाही, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नये. मूत्रमार्ग अडलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

४. ऋतुचर्या

*उन्हाळा.* कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही. अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. हवा दमट असली की हा उपायही पुरत नाही आणि कोकणात हवा दमटच असते. म्हणून फिरायला नेण्याची वेळ पहाटेची किंवा उन्हे कलल्यानंतरची. तळव्याची पालथी बाजू डांबरी रस्त्यावर सात सेकंद ठेवावी. हात उचलावासा वाटला, तर कुत्र्याच्या पायाखालीही तोच रस्ता आहे. धापा थांबत नाहीत, लाळ घट्ट झाली, तोल जातो, अशी लक्षणे उष्माघाताची. अशा वेळी साधे पाणी अंगावर घालून वारा द्यावा आणि लगेच दवाखान्यात न्यावे. आंब्याच्या दिवसांत चोखून टाकलेली बाठ कुत्रा गिळतो आणि ती आतड्यात अडकते. बाठ परसात भिरकावण्याची परंपरा बंद करणे अवघड असल्याने कुत्र्याला घरात बांधणे सोपे.

*पावसाळा.* रायगडात वर्षाकाठी सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बराचसा ओल्या कुत्र्यामार्फत घरात येतो. अंग कोरडे करताना कान आणि बोटांमधील जागा विसरू नये. बुरशी तेथूनच सुरुवात करते. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उतरतात. ते कुत्र्याला बाधतात आणि कुत्र्याच्या मूत्रातून माणसालाही. यावर कुत्र्यांसाठी लस आहे व ती दरवर्षी द्यावी लागते. गोचिडांमधून बबेसिया आणि एर्लिकिया हे रक्ताचे आजार होतात. ताप, पांढुरक्या हिरड्या किंवा गडद लघवी दिसली, तर रक्त तपासून घ्यावे. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेलने ती मरते हे खरे. पण कातडी कुत्र्याची असते.

पावसात बिळे भरली की नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे कोरडी जागा शोधत पडवीत येतात. कुत्रा प्रत्येक गोष्टीची चौकशी नाकाने करत असल्याने दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. दोरी आवळू नये, चिरा देऊ नये, सापाच्या जातीवर आळीत चर्चासत्र भरवू नये. प्राण्याला उचलून दवाखान्यात न्यावे.

रोहा आणि अष्टमी यांच्यामधून कुंडलिका वाहते, नागोठण्याला अंबा आणि पेणला भोगावती. पाणी वाढल्याची सूचना आली की माणसे गाडी उंचावर नेतात, फ्रिज टेबलावर चढवतात, तांदळाची पोती माळ्यावर टाकतात. या यादीत साखळी सोडणे पहिल्या क्रमांकावर हवे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात याच जिल्ह्याने कौले उडताना पाहिली. बांधलेल्या प्राण्याला अशा वेळी पळायचीही सोय नसते.

*गणपती.* पेण, हमरापूर आणि जोहे येथील कारखान्यांत या दिवसांत ओल्या रंगाच्या मूर्ती रांगेने उभ्या असतात. मांजर त्यांच्यामधून चालते, रंग अंगाला लावून घेते आणि मग स्वच्छतेच्या सवयीने तो चाटून पोटात घेते. त्याला वेळीच साबण-पाण्याने धुवावे. मूर्ती दुसऱ्यांदा रंगवता येते. घरच्या मखराजवळ धोका हाराच्या दोऱ्याचा आणि जरीचा. मांजराने दोरा गिळला व टोक बाहेर दिसत असले, तरी ते ओढू नये. आतडे कापले जाते. कण्हेरीची फुले व पाने हृदयाला बाधतात, फुलदाणीतील लिली मांजराच्या मूत्रपिंडाला, आणि पूजेचा कापूर कुत्रा-मांजर दोघांनाही. मोदकाच्या सारणात बेदाणे असतील, तर तो प्रसाद कुत्र्याला देऊ नये. द्राक्षे आणि बेदाणे यांमुळे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते आणि किती बेदाण्यांनी, हे आधी सांगता येत नाही.

*दसरा ते दिवाळी.* दसऱ्यानंतर रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते आणि देवाला पोलिसांची मानवंदना मिळते. टायगर हा सोहळा पलंगाखालून अनुभवतो. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंत. ढोल आणि फटाके त्याला माणसाहून अधिक ऐकू येतात, आणि त्यांचे कारण कोणी सांगितलेले नसते. आतल्या खोलीत, खिडक्या लावून, पंखा किंवा टीव्ही सुरू ठेवून त्याला बसू द्यावे. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर लिहावा. ‘सवय होईल’ म्हणून अंगणात लवंगी लावल्याने सवय माणसाला होते.

*थंडी.* या ऋतूचा मुख्य आजार पोपटी. वालाच्या शेंगा, अंडी आणि कोंबडी भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात शिजतात आणि शेकोटीभोवती हाडांचा ढीग होतो. शिजलेल्या हाडाच्या टोकदार काचा होतात. त्या घशात किंवा आतड्यात रुततात. ‘कुत्र्याला हाड नाही तर काय घालायचं?’ हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. उत्तर ‘शिजलेलं मांस, हाडाविना’ असे असून त्यावर मंडळी उठून जातात.

५. मायाजन्य रोग : पदार्थ व त्यांचे समर्थन

दूध : ‘मांजर आहे, दूध पिणारच.’ बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात.

भाजीचा रस्सा : ‘तिखट काढून दिलं.’ कांदा व लसूण कच्चे, शिजलेले किंवा वाळवलेले असोत, रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला मिळालेले भौगोलिक मानांकन येथे ग्राह्य धरले जात नाही.

सुकट आणि सुके बोंबील : ‘कोकणातलं मांजर आहे.’ मीठ फार.

वरण-भात : ‘आम्ही शाकाहारी आहोत.’ मांजर नाही. त्याला टॉरीन लागते आणि ते मांसातून मिळते. ते न मिळाल्यास दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडतात.

चॉकलेट : ‘एवढंसंच दिलं.’ कुत्र्याला विषारी. जितके कडू, तितके वाईट.

क्रोसिन : ‘अंग गरम लागत होतं.’ कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, म्हणजे निरोगी कुत्रा माणसाच्या हाताला गरमच लागतो. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते.

खरजेवर गॅरेजमधले जळके ऑइल : ‘शेजाऱ्यांच्या कुत्र्याला गुण आला.’ शेजाऱ्यांचा कुत्रा सध्या कोठे आहे, याची चौकशी करावी.

६. उपचार व चावा

तालुक्यांतील सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांची रोजची वर्दळ गाई-म्हशी आणि शेळ्यांची असते. मांजराला तेथे हवेशीर, बंद पेटीतून न्यावे. नायलॉनच्या पिशवीतून नेलेले मांजर आणि गाभण म्हैस समोरासमोर आल्यास डॉक्टरांचे काम वाढते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर आणि पुढे दरवर्षी. कोणताही कुत्रा किंवा मांजर चावले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. मिरची, चुना आणि हळद यांचा स्वयंपाकघराबाहेर वापर करू नये. लक्षणे दिसल्यानंतर रेबीज जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. या एका बाबतीत थट्टेला जागा नाही.

७. कायदा

पिंजऱ्यातला, ‘मिठू मिठू’ बोलणारा देशी पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्य पक्षी आहे. तो पाळणे गुन्हा आहे. आजोबांच्या वेळेपासून घरात असणे हा बचाव होत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. दिवसभर आखूड साखळीला बांधून ठेवणे त्याखाली येते. नसबंदी केलेला भटका कुत्रा जेथून नेला तेथेच परत सोडावा, असे २०२३ चे नियम सांगतात. त्याला टेम्पोत घालून पलीकडच्या गावात सोडणे हा उपाय नाही. पलीकडच्या गावाकडेही टेम्पो असतो.

८. वार्षिक वेळापत्रक

पिल्लाचे लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून. जंतांचे औषध मोठ्या प्राण्याला दर तीन महिन्यांनी, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे. रेबीज व लेप्टोच्या लशी पावसाळ्यापूर्वी. गोचिडांचे औषध मे अखेरपासून. कुत्र्याचे औषध मांजराला लावू नये, त्यातील परमेथ्रिन मांजराला विषारी असते. भातासाठी ठेवलेले उंदराचे विष घरात कोठे आहे, हे सर्वांना माहीत असावे आणि प्राण्याला माहीत नसावे. वजन वर्षातून दोनदा.

खाणे दिवसातून दोन वेळा, ठरलेल्या वाटीने, ठरलेल्या एका माणसाने. इतरांनी घालण्यापूर्वी त्या माणसाला विचारावे. मांजराला विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी ‘अजून नाही’ असेच असते.