वाटणीतली ऊब

उंची वाढत जाईल तसतशी हवा दर १६५ मीटरला सुमारे एक अंश या हिशेबाने थंड होत जाते, हा सिद्धान्त आम्ही निफाड तालुक्यातले लोक शाळेत मुकाट्याने पाठ करतो आणि पौषातल्या पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवताना तितक्याच मुकाट्याने विसरतो. कारण त्या प्रहरी थंडी वर चढत नसून, उतारावरून घसरत येऊन ओहोळाकाठच्या खोलगटात, म्हणजे नेमकी माझ्या मळ्यात, बिनभाड्याने मुक्काम ठोकते. निरभ्र आणि निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाला देऊन टाकते, तिला लगटून असलेली हवा गारठून जड होते व सखल भागात साचते, आणि ऊब तेवढी अधांतरी राहते. शास्त्रात हिला तापमानाची विपरीतता म्हणतात. महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी दव गोठून हिमकण होतात, त्या पहाटे वरच्या वस्तीतला पारा त्या मानाने सुखवस्तू असतो, तो याच न्यायाने.

आमच्या वडिलांनी वाटणी केली तेव्हा थोरल्या दादांकडे उतारावरची मुरमाड जमीन गेली आणि मला खालची काळीभोर मिळाली. धाकट्याने बाजी मारली, असा निकाल सगळ्या भाऊबंदांनी एकमुखाने देऊन टाकला. वाटणीपत्रात विहिरीचा हिस्सा, बांधावरचे आंबे, फार काय, उकिरड्याचीसुद्धा रीतसर नोंद होती. हवेची मात्र नव्हती. ही उणीव पुराव्यानिशी शाबीत करावी, या निर्मळ हेतूने मी मळ्यात हवामान केंद्र बसवले.

दहा मीटर उंचीचा खांब, त्यावर दोन मीटरवर एक आणि टोकाला एक असे एकाच जातीचे दोन तापमापक, आणि वारा मोजणाऱ्या फिरत्या वाट्या, एवढाच सरंजाम. बसवणाऱ्या कारागिराचा आग्रह होता की खांबाचा खर्च वाचवून यंत्र घराच्या पत्र्यावर ठोकावे. तसे केले असते तर हवेऐवजी पत्र्याच्या प्रकृतीची दैनंदिनी माझ्या दप्तरी जमा झाली असती. तापमापकाला ऊन लागू नये आणि वारा मात्र लागावा, यासाठी झडपांची पांढरी पेटी एकोणिसाव्या शतकात टॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहांच्या अभियंत्याने योजली. त्याचा मुलगा पुढे ‘ट्रेझर आयलंड’ लिहून खजिन्यामागे गेला, बाप सावलीच्या शोधात राहिला. गावाने खांबाचे आपापल्या परीने अन्वयार्थ लावले: कोणाला तो मोबाइलचा मनोरा वाटला, तर वहिनींना दाट संशय आला की त्यावर त्यांच्या अंगणाकडे तोंड केलेला कॅमेरा आहे.

अखेर एका स्तब्ध पहाटे खाली पाच अंश आणि टोकाला आठ अंश अशी साक्ष यंत्राने नोंदवली, आणि तो कागद घेऊन मी दादांच्या ओसरीवर रुजू झालो. दादांनी चष्मा लावून तो सातबारा तपासावा तसा तपासला.

“खालचा आकडा तुझा. वरचा कोणाचा?”

“तुमच्या बांधाच्या पातळीचा, दादा.”

“म्हणजे माझी ऊब तू माझ्या परवानगीशिवाय मोजतोस?”

या अनपेक्षित उलटतपासणीने दाव्याचे स्वरूपच पालटले. तेव्हा मी तडजोडीचा पवित्रा घेऊन सांगितले की कॅलिफोर्निया, न्यूझीलंडकडचे बागायतदार उंच खांबावर प्रचंड पंखा लावून ही वरची ऊब खाली ओढून घेतात, आणि वर ऊब असते म्हणूनच त्या पंख्याचा उपयोग होतो. आपल्यात तसा पंखा बसला तर कज्जाच उरणार नाही. दादांनी सुपारी कातरून तोंडात टाकली, बराच वेळ चघळली, आणि वडिलांच्या पश्चात घराण्यातला पहिला उदार निर्णय जाहीर केला:

“ने. पाहिजे तेवढी ऊब ने, माझी हरकत नाही. मात्र स्टॅम्पपेपरवर लिहून दे, की एप्रिलमध्ये ती परत करणार नाहीस.”