सूनबाईंचा डीबगर आणि तीन कवठी

ती. आई-बाबांस,

चालता प्रोग्राम मध्येच थांबवून तो सोर्सच्या, म्हणजे लिहिलेल्या मूळ मजकुराच्या, कुठल्या ओळीवर आहे ते दाखवणारे साधन म्हणजे डीबगर. सूनबाईंना पगार मिळतो तो मुख्यतः याच्यापुढे डोके धरून बसण्याचा, कारण हे साधन अधूनमधून भलतीच फाइल उघडते. बाण कोऱ्या ओळीवर नाहीतर नुसत्या कंसावर येऊन बसतो. प्रोग्राम मात्र बिनबोभाट चालू. 'बंद करून परत चालू कर' हा मिरजेच्या मावसभावाचा रामबाण येथे लागू पडत नाही.

मूळ दुखणे असे. कंपायलर सोर्सचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. त्याला '-जी' हा पर्याय दिला तर तो सोबत डीबगरसाठी टिपण ठेवतो. लिनक्सवर त्या टिपणाच्या रचनेला ड्वॉर्फ म्हणतात. त्यात फाइलचे नाव, कंपाइल झाले ती डिरेक्टरी आणि कुठली यंत्राज्ञा कुठल्या ओळीतून आली याचा तक्ता असतो. सोर्सचा मजकूर सहसा नसतो. म्हणजे हाती उरतो तो फक्त पत्ता, आणि पत्ते जुने होतात. आजोबांच्या पाकिटांवर 'जि. दक्षिण सातारा' असे. तो जिल्हा १९४९ साली झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली ठेवले. लिहिला त्या दिवशी पत्ता बिनचूकच होता.

बहुतेक वेळा कारण साधे असते: प्रोग्राम बांधल्यावर, म्हणजे कंपाइल केल्यावर, कोणीतरी फाइलमध्ये वर चार ओळी घातलेल्या असतात, त्यामुळे खालचे सगळे सरकते. जीडीबी हा डीबगर अशा वेळी सोर्स प्रोग्रामपेक्षा नवा असल्याची सूचना देतो. ती वाचण्याची प्रथा नाही.

खरी गंमत एकाच नावाच्या फाइलींची. कवठे वाई तालुक्यात आहे, तासगाव तालुक्यात कवठे एकंद आहे आणि पुढे कवठे महांकाळ आहेच. कवठे एकंदची दसऱ्याची आतषबाजी पाहायला निघालेल्याने नुसते 'कवठे' म्हटले, तर तो वाईच्या कवठ्यात उतरायचा. 'यूटिल्स.सी' नावाची फाइल अशीच जवळपास प्रत्येक लायब्ररीत असते. प्रोग्राम दुसऱ्याच यंत्रावर बांधलेला असेल, तर नोंदलेली डिरेक्टरी येथे सापडत नाही. मग जीडीबी सांगितलेल्या डिरेक्टऱ्या क्रमाने धुंडाळतो आणि त्या नावाची पहिली फाइल मिळाली की तीच दाखवतो. आत काय लिहिले आहे, याच्याशी त्याला देणेघेणे नाही.

कधी डीबगरवर नाहक आळ येतो. बायसनसारखे साधन व्याकरणाच्या फाइलीतून सी भाषेतला कोड तयार करते आणि ओळींचा हवाला मूळ फाइलीचा देते. तिथे दिसणारी 'परकी' फाइलच खरी.

उपाय आहेत. 'इन्फो सोर्स' ही आज्ञा दिली की कुठली फाइल कुठून घेतली ते कळते. 'सेट सब्स्टिट्यूट-पाथ'ने जुन्या डिरेक्टरीच्या जागी नवी सांगता येते. २०१७ च्या ड्वॉर्फ ५ मध्ये फाइलीच्या मजकुरावरून काढलेली एमडी५ बेरीज नोंदवायची सोय झाली, म्हणजे नावाऐवजी मजकूर ताडून पाहता येतो. पण ती ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक गोष्टींचे काय होते ते सोसायटीच्या सभेत दिसतेच. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे सगळे पुसून प्रोग्राम नव्याने बांधणे. त्याला वेळ लागतो, आणि त्या वेळात सूनबाई फोनवर मोकळ्या असतात. तेव्हाच फोन करावा.