शेवटचं अक्षर गिळायचं

मेनूकार्ड आलं की कपाळावरचा चष्मा नाकावर ओढणारे ते गृहस्थ तुमच्याही ओळखीचे असतील. आमच्या सोसायटीत त्यांना अप्पा म्हणतात. निवृत्तीनंतर ते रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले. त्यांच्यासोबत हॉटेलात गेलेला माणूस तेव्हापासून गरम जेवलेला नाही.

एकदा भाचीच्या वाढदिवसाला वेटरने सुचवलं, “बेक्ड व्हेज ओ ग्रॅटिन, सर?” अप्पांनी वेदनेने डोळे मिटले. “ग्रातँ. शेवटचं अक्षर गिळायचं.” मग फिलेट नव्हे, फिले. रॅगाउट नव्हे, रागू. प्रत्येक पदार्थाचं एकेक अक्षर पोटात गेलं, पदार्थ मात्र टेबलावर येईना. भाची म्हणाली, “अप्पा, अक्षरं गिळून झाली असतील तर सूप मागवू?”

तेवढ्यात अप्पांना शोध लागला, की हातातलं मेनूकार्ड हे मेनूकार्डच नव्हे! “फ्रान्समध्ये याला कार्त म्हणतात. म्हणून आ ला कार्त. आणि मेन्यू म्हणजे ठरल्या किमतीत ठरलेलं जेवण. थोडक्यात, राइस प्लेट.” आंत्रे हा फ्रान्समध्ये सुरुवातीचा पदार्थ, अमेरिकेत मात्र मुख्य जेवण, या अन्यायावर दहा मिनिटं गेली. पोम द तेर, म्हणजे जमिनीतलं सफरचंद, म्हणजे बटाटा. आं पापियोत म्हणजे कागदात गुंडाळून भाजलेलं. “आपली पानगी हो! त्यांच्याकडे केळीचं पान कुठलं?” आणि ग्रातँचं मूळ खरवडण्यात. “म्हणजे आपली खरवड!” सहाशे रुपयांची खरवड आली तेव्हा ती थंड झाली होती, कारण वेटरला ‘बॉन आपेती’ म्हणायला शिकवणं चालू होतं. त्यातलाही ‘त’ गिळायचा.

पॅरिसच्या सहलीत तर कहर झाला. आमच्या गटातल्या एका पक्क्या शाकाहारी काकांना भाताची आस लागली होती. वेटर यादी वाचताना “री...” म्हणाला आणि अप्पा ओरडले, “भात! सांगा!” पुढचं ‘द व्हो’ ऐकायला ते थांबलेच नाहीत. ती निघाली वासराच्या गळ्यातली ग्रंथी. टूर मॅनेजरने झडप घालून ताट उचललं म्हणून बरं. अप्पांचा खुलासा तयार होता : “भाताच्या ‘री’ला शेवटी झेड, ग्रंथीच्या ‘री’ला एस. दोन्ही गिळायचे. मग फरक कळणार कसा?” काकांनी त्या रात्री फक्त राग गिळला.

अप्पांच्या पत्नी गेल्यापासून ते हॉटेलात फारसे येत नाहीत. गेल्या आठवड्यात कुरिअर द्यायला त्यांच्याकडे गेलो. फ्रिजवर पाटी होती, तिच्यावर खडूने लिहिलेलं : ‘प्ला द्यु जूर – पिठलं’.

“आजचा खास पदार्थ,” अप्पा म्हणाले. “प्लातला ‘त’ गिळायचा.”

पाटीवरचा खडू जुना होता. ‘आजचा’ पदार्थ बरेच दिवस बदललेला दिसत नव्हता.

“बस. दोघांपुरतं आहे. अंदाज अजून दोघांचाच येतो.”

जेवण झाल्यावर त्यांनी कढईच्या तळाची खरवड उलथन्याने सोडवली, दोन सारखे वाटे केले आणि एक माझ्या ताटात वाढला. मी वाट पाहत होतो. अप्पा काहीच बोलेनात.

शेवटी मीच म्हणालो, “ग्रॅटिन छान झालंय.”

अप्पांनी वेदनेने डोळे मिटले.