लहान मुलांना लेणी दाखवणे: नवशिक्या पालकांसाठी सूचना

मेक्सिकोत चिचेन इत्झाला माया लोकांचा पिरॅमिड आहे. चारी बाजूंच्या प्रत्येकी 91 पायऱ्या आणि वरचा चौथरा मिळून 365, वर्षाच्या दिवसांइतक्या. आता त्यावर कोणाला चढू देत नाहीत. मुंबईत दादरजवळच्या हिंदमाता भागातल्या पालकांचं नशीब एवढं थोर नाही. त्यांच्या वाट्याला येतात घारापुरीची, म्हणजेच एलिफंटाची लेणी. तिथे सुमारे 120 पायऱ्या आहेत आणि त्या चढाव्याच लागतात.

1. वार: लेणी सोमवारी बंद असतात. शाळेची सुट्टी हमखास सोमवारी येते. पावसाळा तर टाळाच. समुद्र खवळला की लाँच सुटत नाही, आणि त्या दिवसांत तुंबलेल्या पाण्यातून हिंदमाताचा सिग्नल ओलांडणं हाच जलप्रवास होतो.

2. सामान: पाठीवरची सॅक, चेन लावलेली. हातातल्या पिशवीतून वेफर्सचं पाकीट डोकावता कामा नये. कोल्ड्रिंकची बाटली कशी हिसकायची हे घारापुरीच्या माकडांना कोणी शिकवावं लागत नाही. मुलांना माकडांशी मैत्री करायची असते. माकडांना फक्त बाटलीशी.

3. लाँच: दादर-परळहून लोकलने सीएसएमटी, तिथून बस किंवा टॅक्सीने गेटवे आणि पुढे तासभर पाणी. वरच्या डेकचे वेगळे पैसे पडतात. मुलाला वरच बसायचं असतं. ते पैसे देऊन वर गेलात की त्याला शू लागते.

4. पायऱ्या: धक्क्यावर छोटी गाडी चालू असेल तर बसा, गुडघे वाचतात. पुढे दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं: माळा, टोप्या, काकडी, मक्याची कणसं. ‘उतरताना घेऊ’ हे वाक्य जपून वापरा. मुलं पाढे विसरतात, हे विसरत नाहीत.

5. लेणं: इथे बाबा घसा खाकरतात. सहावं शतक, 1987 साली युनेस्कोची जागतिक वारसा यादी वगैरे. तिखटमीठ लावलेली काकडीची फोड चोखत पोरगी मध्येच विचारते, “याचे हात कोणी तोडले?” तिला गप्प करू नका. आपण तारखांच्या आधाराने भंगलेल्या मूर्तींवरून नजर सरकवतो, मुलं थेट भंगलेलंच बघतात. पोर्तुगीज शिपायांनी इथे नेमबाजी केली असं सांगतात, तेच सांगा. पुढचा प्रश्न येईल, “मग त्यांना ओरडलं कोण?” उत्तर आपल्याकडे नाही.

सगळी शिल्पं दाखवायचा हट्ट धरू नका. कैलास हलवणारा रावण दाखवा; दांडगाई मुलांना चटकन कळते. मग त्रिमुखी सदाशिवासमोर उभं करा. तो 18-20 फूट उंच आहे आणि बाहेरून आणून बसवलेला नाही. कारागीर डोंगर फोडत आत गेले आणि नको तेवढा दगड काढून टाकला. छिन्नी जरा जास्त लागली असती तर नाक पुन्हा चिकटवायची सोय नव्हती. खोडरबराने वहीचं पान फाडलेलं मूल हे ऐकून क्षणभर गप्प होतं. तेवढ्यात फोटो काढा. नंतर खांबांमागे लपाछपी सुरू होते.

6. हत्ती: ‘एलिफंटाला जाऊ’ असं कबूल केलं असेल तर परतीच्या लाँचवर हत्तीचा हिशेब द्यावा लागतो. बेटावर दगडी हत्ती होता. पोर्तुगिजांनी त्यावरूनच ते नाव ठेवलं. 1864 साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायला उचलला, तर साखळी तुटून त्याचे तुकडे झाले. ते 1914 साली पुन्हा जोडले. आज तो भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. म्हणजे हिंदमाताहून बसने जवळच. तिथे ना लाँच, ना पायऱ्या, ना माकडं. पुढच्या रविवारी दाखवा. मात्र शेजारीच राणीच्या बागेत पेंग्विन आहेत, तेव्हा हत्तीकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही, एवढी मनाची तयारी करून निघा.