उपटल्यानंतर वाढणारं बीट

निसर्गाने वनस्पतीला मुळं दिली, पानं दिली, ऊनपाणी दिलं. जमिनीतून उपटून काढल्यावरही तिचं वजन वाढत राहावं, एवढी एकच सोय करायची राहून गेली होती. ती उणीव अमेरिकेच्या संघीय पीक विमा महामंडळाने भरून काढली आहे. 1938 साली गव्हाचा विमा उतरवण्यापासून सुरुवात केलेल्या या महामंडळाने साखरेच्या बिटासाठी ज्या अटी छापल्या आहेत, त्यांत एक कलम आहे. पीक पक्व होण्याआधी काढलं तर जितके दिवस आधी काढलं, तितके दिवस रोज 1 टक्का या हिशेबाने उत्पादन वाढवून धरायचं. काट्यावर भरलं ते भरलं. फाइलीत बीट आपलं वाढतच राहतं.

आता बीट पक्व कधी होतं? हे ठरवायला कुणी रानात जाऊन कंद कापून चाखत नाही, तसला गावंढळपणा सरकारी कामात चालत नसतो. विम्याची मुदत ज्या तारखेला संपते, तिच्या बरोबर 45 दिवस आधी पीक पक्व झालं असं समजायचं. खास एखाद्या भागासाठी वेगळं छापलं असेल तर गोष्ट निराळी. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटात ही मुदत 15 नोव्हेंबरला संपते. उलटं मोजत या, 1 ऑक्टोबर येतो. म्हणजे 30 सप्टेंबरच्या रात्री झोपताना जे बीट कोवळं असतं, ते सकाळी उठतं तेव्हा सज्ञान झालेलं असतं. जन्मदाखल्यावरून वय ठरवण्याची ही पद्धत आपल्याला परकी नाही.

तुम्ही म्हणाल, मग हे लोक पीक आधी काढतात तरी कशाला? थांबावं की 1 ऑक्टोबरपर्यंत! तर त्यांना थांबू देत नाहीत. कोण थांबू देत नाही? कारखाना. कारखाना कुणाचा? त्यांचाच.

इथे सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकाने खुर्ची पुढे ओढून घ्यावी. याच दोन राज्यांतलं रेड रिव्हर नदीचं खोरं म्हणजे अमेरिकेतल्या बिटाचं सगळ्यात मोठं आगर. तिथली ‘अमेरिकन क्रिस्टल शुगर’ ही कंपनी 1973 साली शेतकऱ्यांनीच विकत घेतली आणि तिची सहकारी संस्था केली. मुख्यालय मूरहेडला, आणि साखर काढणारे पाच कारखाने. शेअर असेल त्यानेच बीट लावायचं, आणि शेअर आहे म्हणजे लावायलाच हवं. वार्षिक सभा आहे, संचालक मंडळ आहे, कुरबुरी आहेत. फक्त टाळ्या मराठीत वाजत नाहीत.

बिटाची खरी मुख्य काढणी 1 ऑक्टोबरला सुरू होते. दिवसरात्र, पाळ्या लावून. तेव्हा तिकडे हवेत गारठा आलेला असतो. मग बिटाचे डोंगर उघड्यावर रचायचे, हिवाळ्याच्या थंडीत गोठवून ठेवायचे आणि वसंत ऋतूपर्यंत पुरवून पुरवून कापायचे. पण पाच कारखान्यांची यंत्रं ऑक्टोबरपर्यंत थंड ठेवणं परवडत नाही. म्हणून ऑगस्टच्या अखेरीपासून, सप्टेंबरभर, प्रत्येक सभासदाने आपला काही वाटा आधी उपटून द्यायचा. हा माल रचून ठेवत नाहीत. उन्हाळी बीट ढिगात सडतं. ते आलं की लगेच कापायचं.

आपल्याकडे ऊसतोड मिळावी म्हणून शेतकरी कारखान्याच्या चिटबॉयच्या मागे फिरतो. उसाला तुरा येतो, वजन घटतं, टोळी काही येत नाही. तिकडे नेमकं उलटं. तिकडे ‘तुझं आधी ने’ असं कारखानाच म्हणतो आणि शेतकरी ‘राहू दे की अजून चार आठवडे’ म्हणतो. कारण सप्टेंबरचं स्वच्छ ऊन आणि गार रात्री, हाच बिटात साखर भरण्याचा काळ. नेमक्या त्याच वेळी त्याला उपटायचं. या नुकसानीपोटी कारखाना आधी काढणाऱ्यांना टनामागे जादा भाव देतो. म्हणजे शेतकऱ्याने शेतकरी म्हणून सोसायचं आणि मालक म्हणून स्वतःला भरपाई द्यायची. सहकार तो हाच.

मग मधे विमा येतो.

विम्याचा हिशेब साधा आहे. तुमच्या किमान 4 आणि जास्तीत जास्त 10 वर्षांच्या उत्पादनाची सरासरी काढायची, तुम्ही जो टक्का विकत घेतला असेल तेवढी हमी द्यायची, आणि हमीच्या खाली जितकं निघेल तितकी भरपाई. समजा एका शेतकऱ्याची सरासरी एकरी 28 टन आहे आणि त्याने 75 टक्क्यांचा विमा घेतला. हमी झाली 21 टनांची. हंगाम वाईट गेला आणि कारखान्याच्या वेळापत्रकानुसार 1 सप्टेंबरला काढलेल्या रानात एकरी 18 टन निघाले. तो काय समजेल? 3 टनांची भरपाई मिळणार. पण 1 ऑक्टोबरला अजून 30 दिवस आहेत. 30 दिवस म्हणजे 30 टक्के. 18 चे झाले 23.4. हमीपेक्षा जास्त! नुकसान कुठे आहे? अभिनंदन!

पुढचा संवाद माझ्या कल्पनेतला आहे. पण तो तिकडच्या एखाद्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून खरोखर झाला असल्यास मला नवल वाटणार नाही.

‘साहेब, 18 टन निघाले. ही काट्याची पावती.’

‘पावती बरोबर आहे हो. पण तुमचं बीट अजून वाढतंय.’

‘कुठे?’

‘आमच्याकडे.’

‘अहो, त्याची साखर झाली. पोत्यात भरली. एव्हाना कुणाच्या तरी कॉफीत पडली असेल.’

‘साखरेचं आम्हाला विचारू नका. साखरेचा विमा तुम्ही उतरवलेला नाही.’

कलमाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, कारण ते मूर्खाने लिहिलेलं नाही. शेतकरीच रानाचा मालक, शेतकरीच कारखान्याचा मालक. असं कलम नसतं, तर त्याने स्वतःच्या सोयीने कच्चं पीक काढलं असतं आणि घटीचं बिल सरकारी तिजोरीकडे पाठवलं असतं. एकाच माणसाच्या दोन्ही खिशांत हात असला की तिसरा खिसा कुणाचा कापला जातो, हे संचालक मंडळांचा अनुभव असलेल्या मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. तेव्हा आधी काढलेल्या मालाला सूट द्यायची नाही, हे तत्त्व ठीकच आहे. गंमत आहे ती रोजच्या 1 टक्क्याची. ऊन असो, ढग असो, पावसाने रान तळं झालेलं असो. फाइलीतलं बीट रविवारी सुटी न घेता नियमाने 1 टक्का वाढतं. इतकं शिस्तीचं पीक भूतलावर दुसरं नाही. बटाटा आहे एक. त्याच्याही अटींत असंच कलम आहे आणि तिथे दर दिवसाला 2 टक्के आहे. कागदावर सगळ्यांत जोमदार कोण, तर उपटलेला बटाटा.

आणि अपवाद? अपवाद आहे, तो तर वाचून ठेवावा असा आहे. विम्यात मोडणाऱ्या कारणाने पिकाचं नुकसान झालं असेल आणि ते रानात तसंच ठेवल्यास उत्पादन घटणार असेल किंवा प्रत बिघडणार असेल, तर ही वाढ लावत नाहीत. नीट वाचा. मधला शब्द ‘आणि’ आहे. नुसतं आजारी असून चालत नाही. अंथरुणात ठेवलं तर आणखी खालावेल असं सिद्ध होणारं आजारपण लागतं. पाण्यावाचून खुरटलेलं बीट, जे ठेवलं तरी घटणार नाही आणि सडणारही नाही, त्याने काय करायचं? त्याने नियमाप्रमाणे वाढायचं. म्हणजे कुजायला लागलेल्याची वाढ थांबते, आणि ज्याचा मुडदा पडून साखरसुद्धा झाली त्याची जोरात चालू राहते.

बरं, आधी काढण्यात एवढा तोटा, तर उशिरा काढावं? तोही प्रयोग झाला. 2019 च्या शरदात रेड रिव्हर खोऱ्यात आधी पाऊस लागला, मग बर्फ पडला, मग गारठा. यंत्रं चिखलात रुतली. अमेरिकन क्रिस्टलच्या सभासदांचं सुमारे एक तृतीयांश बीट जमिनीतच राहिलं. तेव्हा त्यांच्याच संस्थेने, म्हणजे त्यांनी स्वतःच, न काढलेल्या प्रत्येक एकरामागे 343 डॉलरची आकारणी स्वतःवर बसवली. बीट आलं नाही तरी कारखान्याचा खर्च थांबत नाही, हा युक्तिवाद. पुढे वॉशिंग्टनने बीट साखर संस्थांमार्फत शेतकऱ्यांना 28 कोटी 50 लाख डॉलरपर्यंत मदत द्यायचं ठरवलं, कारण एवढ्या मोठ्या विमा योजनेच्या कलमांतून जे गळतं ते शेवटी संसदेलाच बादली लावून धरावं लागतं. काढलं तर आधी का काढलं, ठेवलं तर का ठेवलं. बिटाने 1 ऑक्टोबरला, सकाळच्या पाळीत, सुक्या रानातून स्वतः उठून ट्रकमध्ये जाऊन बसावं, एवढीच काय ती व्यवस्थेची अपेक्षा आहे.

आपला पीक विमा 2024 पर्यंत तरी याहून सोपा होता. नुकसान झाल्यापासून 72 तासांत कळवा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मग ॲप उघडत नसो, रेंज नसो, वा पंचनाम्याला येणारा माणूस पाणी ओसरल्यावर येवो. पण आपल्याकडे कापून रानात वाळत घातलेलं सोयाबीन पावसात भिजलं, तर त्याला निदान भिजलेलंच धरत. ते वाळत असताना दिवसाला 1 टक्का वाढलं, असं म्हणायचं अजून कुणाला सुचलेलं नाही.

म्हणून वाचकांना हात जोडून विनंती. हा मजकूर वाचून झाला की रद्दीत घाला, त्यात भजी बांधून द्या, काय वाटेल ते करा. पण तालुक्याला बसणाऱ्या विमा कंपनीच्या प्रतिनिधीच्या टेबलावर तेवढा ठेवू नका.