आधी दर्शन, मग विज्ञान

तेरखेड्याहून सोलापूर शंभरेक किलोमीटर. धुळे-सोलापूर हमरस्ता, चार पदरी. पूर्वी त्याचा नंबर २११ होता, आता ५२ झालाय. पण नंबर बदलला म्हणून वाटेतल्या देवी काही हलल्या नाहीत. गाव सोडून जरा पुढे गेलं की येरमाळ्याची येडेश्वरी आणि सोलापूरच्या अलीकडे तुळजापूरची भवानी. पोरांना केगावचं विज्ञान केंद्र दाखवायचं ठरलं तेव्हाच आमच्या आईने निकाल देऊन टाकला, "विज्ञान काय पळून चाललंय का? आधी दर्शन."

बोलेरोत आम्ही किती जण होतो ते सांगत नाही. वाचकांत कुणी आरटीओचं असायचं. मधल्या सीटवर मोठी माणसं, त्यांच्या मांडीवर लहान माणसं आणि लहान माणसांच्या मांडीवर दशम्यांचा डबा. येरमाळ्याला डबा निम्मा झाला. तुळजापूरला भाचीने कवड्यांची माळ घेतली, धाकट्याने तिच्याचसाठी भोकाड पसरलं, मग दुसरी घेतली. केगावला पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता आणि सगळ्यांची कपाळं हळदीकुंकवाने भरलेली.

गेटवरच्या काकांनी विचारलं, "कुठनं आलाव?"

"तेरखेडा."

काकांनी आमच्या मळवटाकडे पाहिलं, मग पिशव्यांकडे. "या या. फक्त आत काय पेटवू नका."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी : आमचं गाव फटाक्यांचं. लोक कौतुकाने महाराष्ट्राची शिवकाशी म्हणतात. दिवाळीच्या आधी हमरस्त्याकडेला दुकानांची रांग लागते आणि लांबलांबचे लोक गाड्या भरून नेतात. गावाबाहेरच्या कारखान्यांत कधीतरी स्फोट होतो, माणसं जातात. त्या दिवशी गावात चूल पेटत नाही. त्यावर विनोद करायची आमच्यात पद्धत नाही. बाकी आमच्या आबांचं सगळं आयुष्य दारूत गेलं, हा विनोद मात्र ते स्वतःच सांगतात. शोभेच्या दारूत. आणि त्यातच कानही गेले.

आमच्या पोरांनी याआधी पाहिलेलं एकच संग्रहालय म्हणजे तेरचं लामतुरे संग्रहालय. सातवाहनकाळातल्या त्या मूर्ती, ती हस्तिदंती बाहुली. तिथे हात मागे बांधून चालायचं. इथे उलट. देशभरची अशी केंद्रं १९७८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या वळणाने चालतात आणि त्यांचा रिवाज असा, की दाबा, ओढा, फिरवा. एवढी मोकळीक दिल्यावर आमची पोरं बटणांवर तुटून पडली. एक बटण दाबायचं, काय होतंय ते बघायच्या आत पुढचं. पाटी वाचायचं नाव नाही. "अरे, काय बघायलास?" म्हणून विचारलं तर उत्तर आलं, "बघत न्हाई, दाबायलोय."

आई वाकड्या आरशापुढे बराच वेळ उभी होती. फुगीर आरशात बुटकी दिसली तेव्हा हसली. लांबोळक्या आरशात बारीक दिसली तेव्हा सुनेला हाक मारून म्हणाली, "बघ, लग्नात मी अशी होते." कप्पीच्या खुर्चीवर आत्याबाई बसल्या. दोरी भाचीच्या हातात. चार दोऱ्यांवर वजन वाटलं गेलं की चौथाईच जोर पुरतो. मात्र दोरीही चौपट ओढावी लागते. भाचीने ओढून ओढून आत्याबाईंना वीतभर वर नेलं आणि दमून दोरी सोडली. आत्याबाईंना गुरुत्वाकर्षण समजलं.

तिथल्या एक ताई कुठल्याशा शाळेच्या पोरांना रंगांबद्दल सांगत होत्या. आमचं थोरलं चिरंजीव त्यांच्यात घुसलेलं. ताईंनी विचारलं, "ज्योतीला हिरवा रंग कशाने येईल?" शाळेची पोरं गप्प. आमचं चिरंजीव म्हणालं, "बेरियम. लाल पायजे तर स्ट्राँशियम, निळा तांब्याचा. पिवळा सोडियमचा, तो सोप्पाय." ताई चकित. चिरंजीवांना गणितात पस्तीस मिळाले होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आबांना ऐकू गेलं नव्हतं, पण हिरव्या रंगाकडे बोट दाखवलेलं दिसलं. ते पुढे सरसावले. "बेरियम आता बंद. २०१८ ला सुप्रीम कोर्टानं बंद केलंय. नागपूरच्या नीरीनं हिरवे फटाके काढलेत." शाळेच्या एका पोराने विचारलं, "मग ते हिरवे दिसतात का?" आबा म्हणाले, "न्हाई. नुसतं नाव." पुढची दहा मिनिटं वर्ग आबांनी घेतला : सोरा पंचाहत्तर, कोळसा पंधरा, गंधक दहा, सोरा प्राणवायू पुरवतो म्हणून दारू बंद नळीतही जळते, फुलबाजीची ठिणगी म्हणजे लोखंडाचा कीस. शेवटी ताईंनीच घाईने सांगितलं, "मुलांनो, हे घरी करायचं नाही."

सगळ्यांत शेवटी ते दोन मोठे वाडगे. समोरासमोर, मध्ये चांगलं अंतर. एकाच्या नाभीपाशी तोंड नेऊन कुजबुजायचं. आवाज वाडग्यावर आपटून सरळ रेषेत निघतो, पलीकडचा वाडगा तो गोळा करून बरोबर त्याच्या नाभीत आणून सोडतो. तिथे कान ठेवायचा. वीज नाही, यंत्र नाही. पोरांनी आबांना तिकडे उभं केलं, आईला इकडे. आई वाडग्यात पुटपुटली. काय ते आम्हाला कळलं नाही.

पलीकडून आबा ओरडले, "कोण येडा म्हातारा?"

घरात दहादा हाक मारल्यावर "आँ?" करणारा माणूस! आई कपाळाला हात लावून म्हणाली, "म्हंजे इतके दिस हे सोंगच होतं."

आबांनी शपथेवर सांगितलं की ही वाडग्याची करामत. मला ते पटतं, आईला नाही.

तुम्ही पोरांना घेऊन जाणार असाल तर सोबत घरातलं एक म्हातारं माणूस न्याच. पोरं बटणं दाबून मोकळी होतात, आपण मोबाइलवर फोटो काढत बसतो, पाटीपुढे थांबून "हे असं का होतं?" विचारायला सवड फक्त त्यांनाच असते. मात्र त्या वाडग्यांपाशी नवराबायकोला समोरासमोर उभं करायच्या आधी दोघांचं बरं चाललंय ना, एवढं पाहून घ्या.