कोरड्या भिंतींचा पोर्टफोलिओ

आमच्या धंद्यात काम चांगलं झालं की दाखवायला काही उरत नाही. मी इमारतींची गळती काढतो. तसा सिव्हिल इंजिनिअर आहे, डिग्री फ्रेम करून ऑफिसात लावली आहे, पण लोक ओळखतात ते 'लिकेजवाले' म्हणून. पूल बांधणारा पुलाचा फोटो लावतो. आर्किटेक्ट तर जिन्याचाही असा फोटो काढतो की तो चढूच नये, नुसतं बघत बसावं. माझं काम उत्तम झालं तर मागे राहते एक कोरडी भिंत. ती मुळातच कोरडी असायला हवी होती, त्यात तुम्ही काय केलंत, असं गिऱ्हाइकाचं मत असतं आणि ते खोडूनही काढता येत नाही.

वेबसाइट करायचं डोक्यात आलं तेव्हा यातलं काहीच सुचलं नाही. तेव्हा डोक्यात होता तो फक्त एक मिसरूड फुटलेला मुलगा. मोबाइलवर तो गच्चीवर केमिकलचा डबा ओतून 'गळती कायमची बंद' म्हणायचा आणि लाखो लोक माना डोलवायचे. म्हटलं, इतकी वर्षं गच्च्यांवर ऊन खाल्लं, आता आपणही ज्ञान वाटू. ज्ञान दिल्याने वाढतं, असं आमच्या शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं होतं. त्या भिंतीला ओल होती.

भाचा कॉम्प्युटरमधला. तो म्हणाला, "मामा, सोपं आहे. बिफोर आणि आफ्टरचे फोटो दे, बाकी मी बघतो."

बिफोरचे फोटो माझ्याकडे रग्गड. छतावर उमटलेले ओलीचे नकाशे, रंगाचे पोपडे, गंजून फुगलेल्या सळ्या, पंख्याच्या हुकातून पडणारा थेंब. एकेक फोटो असा की प्रदर्शन भरवावं. आफ्टरचा मात्र एकही नाही. गळती थांबली की गिऱ्हाईक फोन करत नाही, आणि उरलेल्या पैशांसाठी आपण केला तर उचलत नाही. म्हणून जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी फोटो काढत फिरलो. एका काकूंनी चहा दिला, पण मी बेडरूमच्या भिंतीचे फोटो का काढतोय हे कळेपर्यंत दारातून हलल्या नाहीत. कळल्यावर तर सोसायटीच्या वॉचमनलाच वर बोलावलं.

भाच्याने फोटो पाहिले. पुन्हा पाहिले. "मामा, ही सगळी एकच भिंत आहे ना?"

"एकच कशी? ही कोथरूडची. ही सहकारनगरची. आणि ही तर अशी, की चार कॉन्ट्रॅक्टरांनी हात टेकले होते!"

"हो, पण ओळखायचं कसं?"

मी स्विचबोर्डकडे बोट दाखवलं. एका फोटोत पाल होती, तो त्याला त्यातल्या त्यात बरा वाटला.

शेवटी त्याने 'आमची कामे' असं ठसठशीत शीर्षक दिलं आणि खाली दिसायला चांगले म्हणून नुसते बिफोरचे फोटो लावले. पहिला फोन आला तो असा : "या सगळ्या इमारतींचं काम तुमचंच का हो? नाही, काम नाहीये काही. बरं झालं आधी बघितलं."

वेबसाइटच्या पत्त्याचीही तीच तऱ्हा. 2014 साली देवनागरीत 'डॉट भारत' सुरू झालं, त्यात मराठीही आली. तेव्हा माझा पत्ता मराठीतच हवा, असा मी हट्ट धरला. इंटरनेटवरच्या पत्त्यांची पोटातली यंत्रणा मात्र अजून रोमन अक्षरांवर चालते. देवनागरी नाव तिला भरवायचं तर आधी 'एक्सएन', मग दोन आडव्या रेघा आणि त्यापुढे अक्षरांचा अन् आकड्यांचा काला करावा लागतो. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी अभिमानाने लिंक टाकली, ती नेमकी याच रूपात उमटली. दोन मिनिटांत मेहुण्यांचा मेसेज : 'कोणीही उघडू नका. भाऊजींचा फोन हॅक झाला आहे.'

लेख मात्र मी जीव ओतून लिहिले. पाणी जिथे दिसतं तिथून ते आत आलेलं नसतं, हे पहिल्याच लेखात सांगितलं. गच्चीच्या एका कोपऱ्यात शिरतं, स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपातून प्रवास करतं आणि हॉलमधल्या पंख्यावरून उतरतं. जुन्या ब्रिकबॅट, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या, कोब्यावर नवा कोबा चढवणाऱ्या सोसायट्यांना बजावलं, की चार इंची थर म्हणजे चौरस मीटरला दोनशे किलोंच्या आसपास वजन, स्लॅबला विचारलंत का? गच्चीला मीटरमागे 10 मिलिमीटर तरी ढाळ हवा. आणि क्युअरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं! काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456 साध्या सिमेंटला किमान 7 दिवस सांगतं आणि हल्ली सर्रास मिळणाऱ्या पीपीसीला, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला, 10. भाचा म्हणाला, "एवढं कोण वाचणार? थोडक्यात आटप." म्हटलं, थोडक्यात आटपतात म्हणूनच गळतं.

वाचलं एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी. त्यांनी लेखाची प्रिंट काढून सगळ्यात स्वस्त कॉन्ट्रॅक्टरच्या हातात दिली आणि काम झाल्यावर मला फोन केला, "अगदी तुमच्या लेखाबरहुकूम केलंय. एकदा येऊन बघून जा की, तुम्हालाही समाधान." गेलो. ढाळ मीटरला 10 मिलिमीटर, चोख. फक्त तो लिफ्टरूमकडे होता. कुठल्या दिशेने हवा, हे मी लिहिलं नव्हतं म्हणे.

या धांदलीत 'माझ्याविषयी' हे पान भरायचं राहूनच गेलं. तिथे 'लोरेम इप्सम' हा तयार साच्यातला मजकूर तसाच होता. रोमन वक्ता सिसेरोने ख्रिस्तपूर्व 45 मध्ये लिहिलेल्या लॅटिन ग्रंथातली वाक्यं तोडूनमोडून तो बनवला आहे, आणि मूळ उतारा आहे वेदनेबद्दल. तेव्हा परिचय म्हणून तो अगदीच गैर नव्हता. ग्रुपवरची बंदी मोडून मेहुण्यांनी तेवढंच पान वाचलं आणि कळवलं, 'इंग्रजी जड आहे, पण छाप पडते.'

पुढे मी हट्टाने आफ्टरचे फोटो लावून घेतले, आणि खरोखर एक फोन आला. गृहस्थ अदबीने म्हणाले, "तुमच्या साइटवर त्या पांढऱ्या भिंती आहेत ना, आमच्या हिला फार आवडल्यात. कुठला पांढरा आहे हो तो?"

मी पेंटरला विचारून शेडचा नंबर कळवला. त्यांनी आभार मानले आणि जाता जाता विचारलं, "आमच्या भिंतीला थोडी ओल आहे. ती या रंगाखाली झाकली जाईल ना?"

मी सावरून बसलो. म्हटलं, "त्यावर माझा एक लेख आहे."

"लेख नको हो," ते म्हणाले. "हो की नाही, तेवढं सांगा."